चॅटला निशाणी का मिळत नाही? मोबाईल आणि कॅमेऱ्यातला पुरावा कोर्टात पडतो तेव्हा

"मॅडम, सगळं मोबाईलमध्ये आहे."

हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकते. बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर अशी निश्चिंती असते की केस जिंकलेलीच आहे, मी आता फक्त पेढ्यांची ऑर्डर द्यायची. मग मी विचारते, "कुठल्या मोबाईलमध्ये?" आणि तिथून गोष्ट घसरायला लागते.

"तो मागच्या दिवाळीत एक्सचेंजमध्ये दिला. पण स्क्रीनशॉट आहेत ना! भाच्यानं झेरॉक्सवाल्याकडून रंगीत प्रिंट काढून आणलेत."

रंगीत प्रिंट. बरं.

पुढचं सगळं कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्यांना पाठ आहे. दावा दाखल होतो, कागदयादीबरोबर प्रिंट जोडले जातात, तीनेक वर्षांनी सरतपासाचं, म्हणजे आपल्या बाजूच्या साक्षीचं, शपथपत्र येतं. कागद न्यायाधीशांपुढे गेल्याबरोबर समोरचे वकील खुर्चीतून अर्धवट उठून म्हणतात, "हरकत आहे. प्रमाणपत्र नाही." मग त्या कागदाला निशाणी, म्हणजे पुरावा म्हणून स्वीकारल्याचा क्रमांक, मिळत नाही. 'आर्टिकल ए' असं काहीतरी लिहून तो फाइलमध्ये राहतो. दिसतो, पण वाचला जात नाही. लग्नाला बोलवायचं आणि पंगतीला बसवायचं नाही, त्यातला प्रकार.

अशिलाला वाटतं की अडचण प्रमाणपत्राची आहे. आज करून दिलं की मिटलं. पण प्रमाणपत्र नसणं हे नुसतं लक्षण. दुखणं त्याच्या कितीतरी आधी, घटनेच्या पहिल्या आठवड्यात लागलेलं असतं. ज्या यंत्रातून कागद निघाला ते यंत्र आता कुणाच्याच हातात नसतं, आणि त्या यंत्राबद्दल शपथेवर बोलू शकेल असा माणूसही उरलेला नसतो. प्रमाणपत्र लिहायला मला अर्धा तास लागतो. त्यात भरायची माहितीच नसेल तर मी काय लिहू?

कायद्याला नेमकं काय हवंय

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू आहे. १८७२ च्या कायद्यातलं गाजलेलं कलम ६५ब म्हणजे आता कलम ६३. मूळ फोन किंवा लॅपटॉपच न्यायालयात आणला आणि त्याचा मालक साक्षीला उभा राहून "हे माझं यंत्र, यात हे असं साठलेलं आहे" म्हणाला, तर प्रमाणपत्राची गरज नाही. पण प्रिंट, सीडी, पेनड्राइव्ह, म्हणजे मूळ यंत्रातून बाहेर काढलेली कुठलीही नक्कल दाखल करायची, तर सोबत कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं: नक्कल कुठल्या यंत्रातून निघाली आणि ते यंत्र नीट चालत होतं, हे लिहून दिलेलं. नव्या कायद्याच्या कलम ५७ मधल्या स्पष्टीकरणांनी 'प्राथमिक पुरावा', म्हणजे मूळ मानला जाणारा पुरावा, या शब्दाचा पैस बराच वाढवलाय, हे खरं. एकाच वेळी अनेक फाइलींत साठलेली नोंद असेल तर प्रत्येक फाइल प्राथमिक पुरावा. माझे काही तरुण सहकारी त्या जोरावर प्रमाणपत्राला फाटा देऊ पाहतात. मी देत नाही. युक्तिवादाची हौस स्वतःच्या घरच्या दाव्यात भागवावी, अशिलाच्या नाही.

या विषयावरचा सर्वोच्च न्यायालयाचा सगळ्यात महत्त्वाचा निकाल आपल्या जालन्यातून गेलेला आहे. २०१४ ची विधानसभा निवडणूक. अर्जुन खोतकर कैलास गोरंट्याल यांच्यापेक्षा २९६ मतांनी पुढे राहिले. वाद असा की खोतकरांचे उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी ३ ची मुदत टळल्यावर घेतले गेले. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात आणि बाहेर चित्रीकरण चालू होतं, म्हणजे घड्याळाचा पुरावा सरकारकडेच होता. सीडी मिळाल्या. प्रमाणपत्र मात्र मागूनमागून कुणी दिलं नाही. औरंगाबाद खंडपीठानं २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली आणि प्रकरण दिल्लीला गेलं. १४ जुलै २०२० च्या निकालात तीन न्यायाधीशांनी सांगितलं की नकलेसोबत प्रमाणपत्र हवंच, तोंडी साक्षीनं त्याची जागा भरून निघत नाही. पण त्याच निकालात दुसरी बाजूही आहे, आणि ती बार रूममध्ये फारशी कुणी सांगत नाही. प्रमाणपत्र देणं ज्याच्या हातात आहे त्याच्याकडे तुम्ही रीतसर मागितलं, त्यानं दिलं नाही, तुम्ही न्यायालयाकडे अर्ज केला, आणि तरीही ते मिळालं नाही, तर अशक्य गोष्टीची सक्ती कायदा करत नाही. जालन्यात नेमकं हेच घडलं होतं. बाकीचा पुरावाही होता. खोतकरांचं अपील फेटाळलं गेलं.

म्हणून माझा अशिलांना पहिला प्रश्न असतो, "मागितलंत का? लेखी? पोच आहे?" तोंडी मागणी कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि ज्याला द्यायचं नसतं त्याच्या तर अजिबात राहत नाही.

कुठला नमुना भरायचा, इथेच निम्मे चुकतात

१ जुलै २०२४ रोजी जी प्रकरणं प्रलंबित होती ती कलम १७० नुसार जुन्याच कायद्यानं चालतात. तिथं ६५ब(४) चं जुनं, एका सहीचं प्रमाणपत्र चालतं. त्यानंतरच्या प्रकरणांना नव्या कायद्याच्या अनुसूचीतला छापील नमुना लागतो. त्याचे दोन भाग आहेत: 'अ' भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्यानं भरायचा, 'ब' भाग तज्ज्ञानं. टायपिस्टच्या संगणकात जुना मसुदा पडलेला असतो, नाव बदलून तोच पुढे ढकलला जातो, आणि हरकत यायला वेळ लागत नाही.

'अ' भागात यंत्राचा प्रकार, कंपनी, मॉडेल, रंग, अनुक्रमांक, आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक), आणि फाइलचं हॅश मूल्य (त्याबद्दल पुढे सांगते) द्यावं लागतं. फोन विकलेला माणूस यातला रंग तेवढा सांगू शकतो. म्हणून आज, वाद नसताना, बसल्याबसल्या फोनवर *#०६# दाबा आणि जे पंधरा अंकी आकडे येतील ते डायरीत उतरवून ठेवा. दोन सिमचा फोन असेल तर दोन आकडे येतात. खरेदीचं बिल फेकू नका.

'ब' भागावर सही कुणाची, यावरून वेगवेगळ्या न्यायालयांत वेगवेगळे सूर लागतात, कारण कलम ६३(४) मध्ये नुसतं 'तज्ज्ञ' म्हटलंय. आपल्या न्यायालयात काय स्वीकारलं जातं ते वकिलाला आधी विचारा, मग पैसे मोजा. मुंबईतल्या कलिनाच्या आणि विभागीय न्यायसहायक (फॉरेन्सिक) प्रयोगशाळांत मुद्देमाल पोलिसांमार्फत किंवा न्यायालयाच्या आदेशानं जातो. काउंटरवर फोन देऊन पावती घ्यायची ती जागा नाही.

आता हॅश. जुन्या खरेदीखतावर ज्याला सही येत नाही त्याची 'निशाणी डावा अंगठा' असायची. हॅश म्हणजे फाइलचा डावा अंगठा. गणिती सूत्रातून फाइल गाळली की अक्षरं आणि आकडे मिळून एक ओळ मिळते. एसएचए-२५६ या पद्धतीत ती ६४ खुणांची असते. फाइलचं नाव बदललं तर ती बदलत नाही. पण ध्वनिमुद्रणाची सुरुवातीची दोन सेकंदं कापा, फोटो आडव्याचा उभा करून साठवा, पीडीएफवर एक टिंब द्या, ओळ पार वेगळी होते. नमुन्यात एमडी५ आणि एसएचए-१ यांचेही रकाने आहेत. पण एमडी५ मध्ये दोन वेगळ्या फाइलींचा एकच अंगठा काढून दाखवता येतो हे २००४ पासून माहीत आहे, आणि एसएचए-१ बाबत २०१७ मध्ये तेच झालं. उलटतपासात त्यावरून कुणी छळू नये म्हणून एसएचए-२५६ च घ्या. सेव्हन-झिप हा मोफत प्रोग्राम संगणकावर असला की फाइलवर उजवं बटण दाबून हॅश काढता येतो. निघालेली ओळ त्याच दिवशी स्वतःला आणि वकिलाला ईमेल करून ठेवा. तारीख आपोआप पक्की होते, आणि "हे नंतर बनवलं" या आरोपातली हवा जाते.

व्हॉट्सॲप: पहिले अडीच दिवस

धमकी आली, उसनवारीची कबुली आली, शिवीगाळ आली. माणसं पहिलं काय करतात? चिडून समोरच्याला ब्लॉक करतात, चॅट पुसून टाकतात, किंवा "बघ तुला कोर्टात खेचतो" असा उलट संदेश पाठवतात. तिसरं सगळ्यात महागात पडतं, कारण समोरचा सावध होऊन 'सर्वांसाठी डिलीट' करतो. त्याला ते करायला दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ मिळतो. तेवढे दिवस तोंड बंद आणि हात चालू ठेवायचे.

हात चालू म्हणजे काय, तर आधी त्या चॅटच्या सेटिंगमध्ये जाऊन संदेश आपोआप गायब होण्याची सोय चालू आहे का ते बघायचं. २४ तास, ७ दिवस, ९० दिवस यांपैकी काहीतरी निवडलेलं असतं आणि अशिलाला पत्ताच नसतो. असेल तर बंद करा. पण आधी आलेल्या संदेशांचं घड्याळ त्यानं थांबत नाही. ते गायब होण्याआधीच टिपून घ्यावे लागतात. मग दुसऱ्या फोननं पहिल्या फोनच्या पडद्याचं सलग चित्रीकरण करायचं. सुरुवात फोनच्या आयएमईआयपासून. मग व्हॉट्सॲपमध्ये स्वतःचा नंबर. मग समोरच्याच्या नावावर बोट ठेवून त्याचा नंबर. आणि मग चॅट हळूहळू वर सरकवत न्यायचं. मध्ये थांबवायचं नाही, जोडायचं नाही.

नंबर दाखवण्यावर माझा एवढा जोर का? स्क्रीनशॉटवर वर जे नाव दिसतं ते तुम्हीच घातलेलं असतं. मी शेजारच्या काकूंचा नंबर 'तहसीलदार साहेब' नावानं साठवला तर स्क्रीनशॉटवर काकूच तहसीलदार होतात. एकदा माझ्या अशिलाच्या प्रिंटवर वरती 'हरामखोर' एवढंच छापलेलं होतं. पैसे ज्याला दिले त्याचं नाव तेच, असं त्याचं म्हणणं. उलटतपासात समोरच्या वकिलांनी शांतपणे विचारलं, "या नावाची एकंदर किती माणसं तुमच्या ओळखीची आहेत?" कोर्ट हसलं. मी नाही हसले.

हे चित्रीकरण न्यायालयात द्यायचं झालं की दुसऱ्या फोनसाठीही वेगळं प्रमाणपत्र लागणार, हे विसरू नका. पुरावा एका यंत्रातून दुसऱ्यात गेला की सही करणारा आणखी एक माणूस वाढतो. म्हणून तो दुसरा फोन परक्याचा नको, साक्षीला यायला तयार असलेल्या घरच्या माणसाचा असावा.

'एक्सपोर्ट चॅट' केल्यावर जी साधी मजकुराची फाइल मिळते ती कुणीही नोटपॅडमध्ये उघडून बदलू शकतो, आणि समोरचे वकील तेच म्हणणार. तरीही काढून ठेवा, हॅशसकट. फोनच्या जोडीला ती वाचायला सोयीची असते. तिच्या एकटीच्या जिवावर मात्र उभं राहू नका.

अँड्रॉइड फोनमध्ये व्हॉट्सॲप रोज पहाटे दोनच्या सुमारास फोनच्याच साठ्यात एक बॅकअप ठेवतं, आणि साधारण मागच्या सात दिवसांचे बॅकअप तिथं सापडतात. म्हणजे आज पुसला गेलेला संदेश काल रात्रीच्या बॅकअपमध्ये जिवंत असू शकतो. इथं भाचे लोक उत्साहानं ॲप काढून पुन्हा टाकतात आणि होतं नव्हतं तेही जातं. आधी तो 'डेटाबेसेस' नावाचा अख्खा फोल्डर संगणकावर उतरवा, हॅश काढा, फोन बाजूला ठेवा. प्रयोग काय करायचे ते जाणकारानं त्या नकलेवर करावेत.

आणि फोटो. "साहेबांना फोटो व्हॉट्सॲपवर पाठवलाय" म्हणजे तो फोटो मेला. पाठवताना तो दाबून लहान केला जातो आणि कधी, कुठे, कुठल्या कॅमेऱ्यानं काढला ही आतली माहिती निघून जाते. व्हॉट्सॲपच्या फाइलच्या नावातली तारीखही फोटो काढल्याची नसते. मला पाठवायचा तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा किंवा केबल लावून द्या. मूळ फोटो फोनमधून हलवू नका.

सीसीटीव्ही: इथं कॅलेंडर तुमच्या विरोधात आहे

अपघात, मारहाण, दुकानातली चोरी, सोसायटीतली भांडणं. कॅमेरा सगळीकडे असतो आणि चित्रीकरण कुठेच नसतं. कारण डीव्हीआरमधली, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रीकरण साठवणाऱ्या डब्यातली, डिस्क भरली की तो जुन्यावर नवं लिहितो. किती दिवसांत, याचा हिशोब सोपा आहे. एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट लिहीत असेल तर दिवसाला साधारण २१ ते २२ जीबी होतात; चार कॅमेऱ्यांचे ८६ जीबी; म्हणजे १ टीबीची डिस्क ११ दिवसांत भरते. नव्या पद्धतीनं दाबून साठवणारे डीव्हीआर त्याच्या दुप्पट टिकतात. आता बघा: अपघात होतो, माणूस दवाखान्यात, घरचे धावपळीत, दहावा-बारावा घरात झाला की मगच कुणाला तरी आठवतं की चौकातल्या मेडिकलवाल्याकडे कॅमेरा आहे. तोवर डिस्कवर नवे अकरा दिवस चढलेले असतात.

म्हणून घरातल्या एका माणसाला, जो रडत नसेल अशाला, त्याच दिवशी हे काम द्या. दुकानदाराकडे जाऊन गोड बोलायचं. "दादा, तुम्हाला कोर्टात नाही खेचत, फक्त तेवढा एक तास पुसला जाऊ देऊ नका." खेचणार नाही हे वचन मी वकील म्हणून देऊ शकत नाही, तुम्हीही देऊ नका. पण पुसू नका हे सांगताच येतं. सोबत एक साधा लेखी अर्ज: तारीख, वेळ कधीपासून कधीपर्यंत, कुठल्या दिशेचा कॅमेरा. दुसऱ्या प्रतीवर त्याची सही-शिक्का. तो नाही म्हणाला तर तोच अर्ज पोस्टानं पोचपावतीसह पाठवायचा आणि त्याची एक प्रत पोलीस ठाण्यात द्यायची. जालन्याचा निकाल आठवा: पुढे प्रमाणपत्र मिळालं नाही तर हे कागदच तुम्हाला वाचवतात. महापालिकेचे किंवा पोलिसांचे कॅमेरे असतील तर चित्रीकरण जपून ठेवण्याच्या आदेशासाठी न्यायालयात तातडीचा अर्ज करायला वकिलाला सांगा. पोलीस ठाण्याच्या आतल्या कॅमेऱ्यांबाबत सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्ये सांगून ठेवलंय की चित्रीकरण १८ महिने राहायला हवं. तेवढ्या क्षमतेची यंत्रं मिळत नसतील तिथंही किमान वर्षभर.

चित्रीकरण मिळालं, आता काढायचं कसं? पडद्यावर चाललेलं मोबाईलनं शूट करणं हा शेवटचा उपाय, पहिला नाही. डीव्हीआरच्या मेनूमधून त्याच्या मूळ प्रकारात फाइल उतरवा, ती चालवणारा प्लेअरही त्याच पेनड्राइव्हवर घ्या. बघायला सोयीची एमपी४ प्रत वेगळी करा, पण ती नक्कल आहे हे लिहून ठेवा. डिस्क काढून घरच्या संगणकाला लावली तर विंडोज तिला ओळखत नाही आणि "फॉरमॅट करू का?" असं अदबीनं विचारतं. कुणीतरी सवयीनं 'हो' दाबतं.

घड्याळाचं तर वेगळंच. डीव्हीआरचं घड्याळ बरोबर असलेलं मी फार कमी वेळा पाहिलंय. वीज गेली, आतला सेल संपला, की ते वाटेल ते दाखवतं. एका प्रकरणात पडद्यावर मध्यरात्र आणि रस्त्यावर लख्ख ऊन. म्हणून उतरवण्याच्या क्षणी डीव्हीआरचा पडदा आणि मोबाईलचं घड्याळ एकाच फोटोत घ्या, फरक किती मिनिटांचा ते पंचनाम्यात किंवा स्वतःच्या टिपणात लिहा. डीव्हीआरचं घड्याळ 'दुरुस्त' करू नका. मालक मदत म्हणून हमखास करायला जातो.

प्रमाणपत्रावर सही दुकानाच्या मालकाची किंवा सोसायटीत ज्याच्याकडे त्या यंत्राचा कारभार आहे त्याची. तुमची नाही. ज्या यंत्रावर तुमचा ताबा नव्हता ते नीट चालत होतं असं तुम्ही शपथेवर कसं सांगणार?

चित्रीकरण समोरच्याकडेच असेल आणि तो आणत नसेल, तर निराश होऊ नका. वाराणसीच्या एका हॉटेलातल्या मृत्यूच्या खटल्यात हॉटेलचं सीसीटीव्ही तपास यंत्रणेनं न्यायालयापुढे आणलंच नाही, आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं इटलीच्या दोन आरोपींना निर्दोष सोडताना ते तिच्याच विरोधात धरलं. हातात असलेला उत्तम पुरावा जो दडवतो त्याच्याविरुद्ध अनुमान काढता येतं. पण त्यासाठी "आमच्याकडे कॅमेरा आहे" हे त्याच्या तोंडून किंवा एखाद्या कागदावरून आधी ठरायला हवं.

रेकॉर्डिंग, आणि नवऱ्या-बायकोचं

कॉल रेकॉर्डिंगची कामाची दोन मिनिटं कापून आणू नका. अख्खं द्या, तुम्ही स्वतः शिव्या दिल्यात त्यासकट. कापलेली फाइल म्हणजे समोरच्याला दिलेलं आमंत्रण. सोबत शब्दशः उतारा, मिनिट-सेकंदासह. बोलणं अहिराणीत किंवा मालवणीत असेल तर उतारा तसाच ठेवा आणि खाली प्रमाण मराठीत अर्थ द्या. "सुधारून" लिहू नका. आवाज ओळखणारा माणूस साक्षीला लागतो. आवाज कुणाचा, छेडछाड झाली का, मुद्रण जपून ठेवलं होतं का, ऐकू नीट येतं का, या कसोट्या सर्वोच्च न्यायालयानं टेपच्या जमान्यात, १९८५ मध्येच घालून दिल्यात.

नवरा-बायकोनं एकमेकांचं गुपचूप केलेलं मुद्रण चालतं का, हे विचारणारे आता वाढलेत. १४ जुलै २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं वैवाहिक प्रकरणात ते पुरावा म्हणून घ्यायला वाट मोकळी केली. कुटुंब न्यायालय तसंही कागदांच्या बाबतीत जरा मोकळ्या हाताचं असतं. पण यावरून कुणी बायकोच्या फोनमध्ये हेरगिरीचं ॲप टाकलं तर तो माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली स्वतःच आरोपी होऊ शकतो. आपल्या फोनवर आपण भाग घेतलेलं बोलणं मुद्रित करणं वेगळं, दुसऱ्याच्या फोनमध्ये घुसणं वेगळं.

कॉल डिटेल्स, म्हणजे कुणी कुणाला कधी फोन केला, ते मात्र तुम्हाला परस्पर मिळत नाहीत. न्यायालयानं किंवा पोलिसांनी मागवावे लागतात. दूरसंचार परवान्याच्या अटी डिसेंबर २०२१ मध्ये बदलल्यापासून कंपन्यांना ते किमान दोन वर्षं ठेवावे लागतात. आपल्याकडे पुराव्याचा टप्पा दोन वर्षांत येत नाही हे मी तुम्हाला सांगायला नको. दावा दाखल झाल्याबरोबर मागवण्याचा अर्ज द्या.

ईमेलचं थोडक्यात: पुढे पाठवू नका. जीमेलमध्ये 'मूळ दाखवा' मधून मूळ फाइल उतरवून घ्या. कुठल्या सर्व्हरवरून कधी निघाला हे त्यातच असतं. बँकेच्या उताऱ्यासाठी बँकर्स बुक्स कायद्याचं प्रमाणपत्र बँकेकडूनच, अर्ज करून. पोलिसांनी फोन जप्त केला तर पंचनाम्याची प्रत वाचल्याशिवाय सही नको: आयएमईआय बरोबर आहे का, फोन बंद करून सील केला का, हॅश लिहिलाय का.

वेळ गेलेली आहे, आता काय?

फोन खरंच विकला गेलाय, प्रमाणपत्र नाही, सरतपास पुढच्या तारखेला आहे. यातूनही काही वेळा मार्ग निघतो.

पहिलं, समोरच्याची कैफियत, म्हणजे दाव्याला त्यानं दिलेलं लेखी उत्तर, पुन्हा वाचा. गंमत म्हणजे बऱ्याचदा त्यानं तो संदेश नाकारलेलाच नसतो. "सदर मेसेज रागाच्या भरात केला होता" असं लिहून तो मोकळा झालेला असतो. कबूल केलेली गोष्ट वेगळी सिद्ध करावी लागत नाही, नव्या कायद्याचं कलम ५३. आम्ही प्रमाणपत्राच्या मागे धावतो आणि उत्तर समोरच्याच्या परिच्छेद अकरामध्ये पडलेलं असतं.

दुसरं, तोच संदेश आणखी कुठे आहे ते शोधा. संगणकावर व्हॉट्सॲप जोडलेलं होतं का? गटातला संदेश असेल तर गटातल्या प्रत्येकाच्या फोनवर तो आहे. भावकीच्या गटात समोरच्याशी न पटणारा एखादा चुलत दीर असतोच. त्याचा फोन, त्याची सही, त्याची साक्ष. समोरच्याच्या स्वतःच्या फोनमध्ये असेल तर कलम ६४ ची हजर करण्याची नोटीस.

तिसरं, मूळ यंत्र आहे पण प्रमाणपत्र जोडायचं राहून गेलंय, तर घाबरू नका. सुनावणी संपेपर्यंत न्यायालय ते आणायला परवानगी देऊ शकतं, हे जालन्याच्याच निकालात आहे. बंगळुरूच्या २००८ च्या स्फोटांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये तशी परवानगी दिलीसुद्धा. अर्ज मात्र लगेच द्या आणि उशिराचं कारण खरं लिहा.

सीडी किंवा पेनड्राइव्ह देताना वेगळ्या जाड पाकिटात द्या आणि पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा. फाइल शिवणाऱ्याच्या दाभणाला आत सीडी आहे की वकीलपत्र हे कळत नाही. भोक पडलेली सीडी मी दोनदा पाहिली आहे. तीन प्रती करा: सीलबंद कोर्टाला, एक समोरच्यांना, एक आपल्या टेबलावर ऐकायला.

आणि मूळ फोन. तो कपाटात ठेवताना निम्मा चार्ज करून, बंद करून ठेवा. दोन-तीन महिन्यांनी काढून बॅटरी फुगलीय का ते बघा. सिम निघालं तरी फोन द्यायचा नाही, दिवाळीची ऑफर कितीही गोड असली तरी. माझ्या एका अशिलानं हे सगळं शिस्तीत केलं. चार वर्षं फोन जपला, बिल जपलं, आयएमईआय जपला. साक्षीच्या दिवशी फोन चालू झाला, मी मनातल्या मनात हुश्श केलं, आणि त्यांनी पडद्याकडे बघत मला हळूच विचारलं, "मॅडम, याचा पॅटर्न काय होता हो?"

तेव्हापासून पासवर्ड लिहिलेलं बंद पाकीट मी पहिल्याच दिवशी मागून घेते.